नितळ पाणी, ट्राउट आणि पिसांची माशी

इंग्लंडच्या दक्षिणेकडील हॅम्पशायर परगण्यातून टेस्ट आणि इचेन या दोन नद्या वाहतात. टेस्टची लांबी सुमारे ६४ किलोमीटर, तर इचेनची सुमारे ४५. आपल्याकडच्या माणसाला त्यांना नदी म्हणावे की ओढा, असा प्रश्न पडावा इतके त्यांचे पात्र लहान आहे. असे असूनही जगभरातील मासेमारीच्या शौकिनांमध्ये या दोन नावांना तीर्थक्षेत्राचे स्थान आहे. 'फ्लाय फिशिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रीडाप्रकाराचे आजचे शास्त्र, त्याचे संकेत आणि त्यातील गाजलेले वाद बहुतांशी याच पाण्यावर घडले.

कोकणात ज्याला 'गरवणे' म्हणतात, ते गळाला आमिष लावून मासा पकडणे आपल्या परिचयाचे आहे. फ्लाय फिशिंगमध्ये मात्र गांडूळ, कोळंबी किंवा पिठाची गोळी वापरली जात नाही. चिमुकल्या गळावर पिसे, लोकर आणि रेशमी धागा गुंडाळून एखाद्या कीटकाची हुबेहूब प्रतिकृती तयार केली जाते. ती पाण्यावर अशा बेताने सोडायची की, माशाने तिला खरा कीटक समजून गिळावे. हा मासा म्हणजे बहुधा ट्राउट. थंड, स्वच्छ आणि प्राणवायूने समृद्ध अशा पाण्याखेरीज तो तग धरत नाही. त्यामुळे ही कला ज्या पाण्यावर वाढली, त्या पाण्याची ओळख आधी करून घेणे आवश्यक ठरते.

खडूच्या खडकाची देणगी

टेस्ट आणि इचेन या नद्यांना इंग्रजीत 'चॉक स्ट्रीम' म्हणतात. येथे 'चॉक' हा शब्द शब्दशः घ्यायचा आहे. सुमारे साडेसहा ते दहा कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशियस कालखंडात, उथळ उबदार समुद्राच्या तळाशी सूक्ष्म शैवालांची चुनखडीयुक्त कवचे साचत गेली. त्यांचा पांढरा, मऊ आणि सच्छिद्र खडक तयार झाला. दक्षिण व पूर्व इंग्लंडमधील मोठा भूभाग या खडूच्या खडकावर वसलेला आहे.

आपल्या सह्याद्रीतील नद्यांशी तुलना केल्यास या खडकाचे वैशिष्ट्य चटकन लक्षात येते. सह्याद्रीचा बेसाल्ट पाणी फारसे मुरू देत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत नद्या दुथडी भरून, गढूळ होऊन वाहतात आणि उन्हाळ्यात अनेकींचे पात्र कोरडे पडते. खडूचा खडक याच्या अगदी उलट वागतो. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात पडणारा पाऊस तो स्पंजासारखा शोषून घेतो. हे पाणी खडकाच्या सूक्ष्म छिद्रांतून आणि भेगांतून सावकाश खाली झिरपते, भूगर्भातील जलधरात साठते आणि पुढे अनेक महिने झऱ्यांच्या रूपाने बाहेर येत राहते.

या संथ प्रवासाचे तीन परिणाम होतात. पहिला म्हणजे पाणी गाळून निघते आणि स्फटिकासारखे नितळ होते. दुसरा, झऱ्यापाशी त्याचे तापमान वर्षभर १० ते ११ अंश सेल्सियसच्या आसपास स्थिर राहते. उन्हाळ्यात ते गार वाटते, तर कडाक्याच्या थंडीत त्यावरून वाफा निघताना दिसतात. याच गुणाचा उपयोग करून येथील शेतकऱ्यांनी सतराव्या शतकापासून हिवाळ्यात नदीचे पाणी पाटांनी कुरणांवर खेळवले. दवगोठीपासून गवत वाचे आणि मेंढरांना लवकर चारा मिळे. तिसरा परिणाम असा की, खडकातील चुना विरघळल्याने पाणी अल्कधर्मी व क्षारसमृद्ध होते आणि त्यात वनस्पती व कीटकांची रेलचेल असते.

अशा नद्या जगात मोजक्याच आहेत. इंग्लंडमध्ये लहानमोठ्या धरून त्यांची संख्या २८३ असल्याचे अलीकडची गणना सांगते. जगातील एकूण संख्येच्या सुमारे ८५ टक्के चॉक स्ट्रीम इंग्लंडमध्ये असल्याचे मानले जाते. उरलेल्यांपैकी काही उत्तर फ्रान्समध्ये, तर काही डेन्मार्कमध्ये आहेत.

पाण्यातले अन्नछत्र

उन्हाळ्यात या नद्यांच्या पात्रात 'वॉटर क्रोफूट' या पाणवनस्पतीचे लांबच लांब हिरवे झुपके प्रवाहाबरोबर डोलत असतात आणि पृष्ठभागावर त्यांची पांढरी फुले तरंगतात. या झुपक्यांच्या आडोशाला गोड्या पाण्यातील कोळंबीसदृश 'गॅमारस' हे जीव, गोगलगाई आणि असंख्य कीटकांची पिले वाढतात. तळाशी स्वच्छ वाळूखडे असतात. नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमारास ट्राउटची मादी शेपटीने हेच खडे उकरून त्यात अंडी घालते. अंडी जगण्यासाठी खड्यांच्या फटींतून ताजे पाणी खेळते राहावे लागते. या फटी गाळाने बुजल्या की अंडी गुदमरतात.

ट्राउटच्या आहारात सर्वांत प्रसिद्ध आहे ती मेफ्लाय. तिचे आयुष्य विलक्षण असते. पाण्यातील अपक्व अवस्थेत, जिला 'निम्फ' म्हणतात, ही माशी नदीच्या गाळात सुमारे दोन वर्षे काढते. मे महिन्याच्या उत्तरार्धात किंवा जूनच्या प्रारंभी ती पृष्ठभागावर येते, कात टाकते आणि पंख पसरून उडते. पुन्हा एकदा कात टाकल्यावर ती पूर्ण प्रौढ होते. प्रौढ मेफ्लायचे तोंड खाण्याच्या उपयोगाचे नसते. एकदोन दिवसांत मीलन करून, पाण्यावर अंडी सोडून ती मरते. या काळात नदीवर माशांचे ढग उठतात आणि एरवी सावध असणारे मोठे ट्राउट बेफिकीर होऊन पृष्ठभागावर येतात. नवशिक्यालाही मासा मिळतो म्हणून इंग्रज शौकीन या दिवसांना थट्टेने 'अडाण्यांचा पंधरवडा' म्हणतात.

उरलेल्या हंगामात मात्र लहान लहान जातींच्या माश्या तासातासाला बदलत असतात. ट्राउट ज्या क्षणी जे खात असेल, त्याच्याशी मिळतीजुळती प्रतिकृती त्याला दाखवावी लागते. म्हणूनच येथे गळ टाकणाऱ्याला थोडेफार कीटकशास्त्र शिकावेच लागते.

वजनहीन माशी लांब कशी जाते?

नेहमीच्या गळकाठीत शिशाचे वजन किंवा जड आमिष दोर ओढत नेते. पिसांच्या माशीला वजनच नसते. ती फेकली तर हातभरही जाणार नाही. म्हणून या प्रकारात वजन दिले जाते ते दोराला. पूर्वी घोड्याच्या शेपटीचे केस वळून दोर करीत. पुढे तेल पाजलेल्या रेशमाचा दोर आला आणि आता प्लास्टिकचा लेप असलेला जाड दोर वापरतात. आठ ते नऊ फुटी लवचिक काठीने हा दोर डोक्यावरून मागे आणि पुढे झुलवला जातो. दोर मागे पूर्ण उलगडेपर्यंत क्षणभर थांबावे लागते. नवशिक्याची चूक बहुधा याच थांबण्यात होते. दोराच्या टोकाला नऊ ते बारा फुटांचा, निमुळता होत गेलेला पारदर्शक नायलॉनचा धागा असतो आणि त्याच्या केसाइतक्या बारीक टोकाला माशी बांधलेली असते. हे सारे नीट जमले तर दोर पुढे उलगडतो आणि माशी फुलाच्या पाकळीसारखी पाण्यावर उतरते.

काठ्याही काळानुसार बदलल्या. एकोणिसाव्या शतकात ग्रीनहार्ट या जड लाकडाच्या काठ्या होत्या. नंतर बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेल्या काठ्या लोकप्रिय झाल्या. आज बहुतेक काठ्या कार्बन तंतूंच्या असतात. माशी बांधण्याचे साहित्य मात्र फारसे बदललेले नाही. कोंबड्याच्या मानेची ताठ पिसे, सशाच्या कानाची लव आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आजही वापरात आहेत. कोंबड्याच्या ताठ पिसांमुळेच माशी पाण्यावर तरंगते.

मासा काय पाहतो?

गढूळ पाण्यात माणूस माशाला आणि मासा माणसाला पाहू शकत नाही. नितळ झऱ्यात दोघांनाही एकमेक दिसतात. या कलेतील सगळी अवघड गणिते येथून सुरू होतात.

प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्याखालील माशाला वरचे जग एका गोल खिडकीतून दिसते. या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंशांचा असतो. मासा जितका खोल, तितकी ती खिडकी मोठी. खिडकीच्या बाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो आणि त्यात नदीच्या तळाचे प्रतिबिंब पडलेले असते. काठावरच्या उंच वस्तू खिडकीच्या कडेला दबलेल्या, आखूड झालेल्या दिसतात. पाण्यालगत अगदी खाली असलेली वस्तू जवळपास दिसेनाशी होते. जाणकार शौकीन काठावर गुडघ्यांवर बसून, प्रसंगी रांगत पुढे सरकतो, त्यामागे हे कारण आहे.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एकाच जागी स्थिर राहतो आणि वाहत येणारे अन्न टिपतो. त्यामुळे त्याच्या मागून, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या बाजूने, जाणे हिताचे असते. माशी त्याच्या डोक्याच्या थोडी वर, प्रवाहात सोडायची आणि ती आपोआप वाहत त्याच्यापर्यंत जाऊ द्यायची. इथे एक अडचण उभी राहते. नदीच्या रुंदीत प्रवाहाचा वेग सर्वत्र सारखा नसतो. मधल्या वेगवान पाण्याने दोर ओढला की माशीही ओढली जाते आणि पाण्यावर बारीक रेघ उमटवत सरकते. खरा कीटक असा सरकत नाही. ट्राउट हे तत्काळ ओळखतो आणि बहुधा तासभर तोंड उघडत नाही. दोर टाकतानाच तो थोडा सैल, नागमोडी पडेल अशी योजना करणे हा यावरचा उपाय आहे.

मॅसिडोनियापासून विंचेस्टरपर्यंत

कृत्रिम माशीने मासा पकडण्याची कल्पना जुनी आहे. रोमन काळातील लेखक एलियन याने प्राणिजीवनावरील आपल्या ग्रंथात मॅसिडोनियातील लोकांचे वर्णन केले आहे. गळाला तांबडी लोकर गुंडाळून आणि पिसे बांधून ते ठिपकेदार मासे पकडत. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापल्या गेलेल्या मासेमारीवरील निबंधात माश्या बांधण्याच्या कृती दिल्या आहेत. त्याचे कर्तृत्व परंपरेने ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीकडे दिले जाते. १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टन यांचे 'द कम्प्लीट अँग्लर' प्रसिद्ध झाले. त्याच्या १६७६ च्या आवृत्तीत त्यांचे मित्र चार्ल्स कॉटन यांनी नितळ ओढ्यांतील फ्लाय फिशिंगवर स्वतंत्र भाग जोडला. वॉल्टन यांचे १६८३ मध्ये विंचेस्टर येथे निधन झाले आणि तेथील कॅथेड्रलमध्येच त्यांचे दफन झाले. इचेन नदी याच गावातून वाहते.

एकोणिसाव्या शतकापर्यंत माशी पाण्याखाली बुडवून, प्रवाहाबरोबर वाहू देण्याचीच रीत सर्वत्र होती. टेस्ट नदीवर स्टॉकब्रिज येथे १८२२ मध्ये स्थापन झालेला हॉटन क्लब आजही अस्तित्वात आहे आणि त्याच्या जुन्या नोंदवह्या या बदलत्या पद्धतींच्या साक्षीदार आहेत. शतकाच्या उत्तरार्धात तरंगत्या, कोरड्या माशीचे तंत्र पुढे आले. त्याला शास्त्राचे रूप दिले ते फ्रेडरिक हॅल्फर्ड यांनी.

हॅल्फर्ड आणि स्क्यूज

हॅल्फर्ड (१८४४-१९१४) यांची १८७९ मध्ये विंचेस्टरमधील मासेमारी साहित्याच्या एका दुकानात जॉर्ज सेल्विन मॅरियट यांच्याशी भेट झाली. दोघांनी नदीवरचे कीटक गोळा केले, ट्राउटच्या पोटातील अन्न तपासले आणि प्रत्येक महत्त्वाच्या माशीची प्रतिकृती तयार केली. १८८६ मध्ये हॅल्फर्ड यांचे तरंगत्या माश्यांवरील पुस्तक आले आणि १८८९ मध्ये कोरड्या माशीच्या तंत्राचा सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या अनुयायांनी पुढे या तंत्राचा जवळजवळ धर्मच केला. मासा पृष्ठभागावर खाताना दिसला तरच गळ टाकायचा, तोही प्रवाहाच्या वरच्या दिशेने आणि तोही तरंगत्या माशीने, असा दंडक झाला. अनेक क्लबांनी तो नियम म्हणून स्वीकारला.

या दंडकाला आव्हान दिले ते जॉर्ज एडवर्ड मॅकेन्झी स्क्यूज (१८५८-१९४९) या वकिलाने. विंचेस्टरच्या शाळेत शिकलेले स्क्यूज अनेक वर्षे इचेनवर मासेमारी करीत. त्यांचे निरीक्षण साधे होते. ट्राउटचे बहुतेक अन्न पाण्याखालीच असते. पृष्ठभागावर उमटणारी वर्तुळे पुष्कळदा वर येत असलेल्या निम्फमुळे उठतात, तरंगत्या माशीमुळे नव्हे. मग त्या निम्फची प्रतिकृती का वापरू नये? १९१० मधील 'मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम' आणि १९२१ मधील पुढच्या ग्रंथात त्यांनी हा विचार मांडला.

वाद इतका विकोपाला गेला की, १९३८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये त्यावर रीतसर चर्चा झाली. त्या वेळी स्क्यूज ७९ वर्षांचे होते. आज बहुतेक नद्यांवर निम्फला मान्यता आहे. काही ठिकाणी मात्र हंगामाच्या पूर्वार्धात केवळ कोरड्या माशीचीच परवानगी असते.

बाहेरच्या माणसाला हा वाद पोरकट वाटू शकतो. मात्र दोन्ही बाजूंचा आधार एकच होता आणि तो म्हणजे नदीचे बारकाईने केलेले निरीक्षण. पाणी नितळ होते म्हणूनच ते शक्य झाले. मासा काय खातो, केव्हा खातो, कोणती माशी कोणत्या आठवड्यात येते, हे या मंडळींनी डोळ्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. १९०५ ते १९१६ या काळात ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री राहिलेले एडवर्ड ग्रे यांचे इचेनच्या काठी छोटे घर होते. त्यांनीही १८९९ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले.

ही परंपरा केवळ उच्चभ्रूंची राहिली नाही. विल्टशायरमधील एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर (१९०६-१९८०) यांनी दररोज नदीवर काम करताना निम्फच्या हालचाली टिपल्या. फेझंटच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार एवढ्या दोनच वस्तूंतून त्यांनी तयार केलेली निम्फ आज जगातील जवळपास प्रत्येक ट्राउट नदीवर वापरली जाते.

परवाने, पैसा आणि मासा परत सोडणे

या नद्यांवर कोणालाही जाऊन गळ टाकता येत नाही. इंग्लंडमध्ये १३ वर्षांवरील प्रत्येकाला सरकारी परवाना घ्यावा लागतो. त्याशिवाय मासेमारीचा हक्क सहसा काठच्या जमीनमालकाकडे असतो. नदीचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडलेले असतात आणि त्यांना 'बीट' म्हणतात. टेस्टवरील नामांकित बीटवर एका दिवसासाठी शंभराहून अधिक पौंड मोजावे लागतात आणि मेफ्लायच्या दिवसांत हा आकडा आणखी चढतो. हा श्रीमंतांचा छंद आहे, ही टीका त्यामुळे अगदीच निराधार म्हणता येणार नाही. दुसरीकडे, नदीवर राखणदार नेमणे, पाणवनस्पती वेळच्या वेळी कापणे आणि काठ सांभाळणे या कामांचा मोठा खर्च याच पैशांतून निघतो.

पकडलेला मासा परत सोडण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. त्यासाठी गळाला उलटा काटा नसतो, हात ओले करून मासा धरतात आणि शक्यतो त्याला पाण्याबाहेर काढत नाहीत. काही ठिकाणी मत्स्यबीज केंद्रांत वाढवलेले ट्राउट नदीत सोडले जातात. त्यांचा जंगली माशांशी संकर होऊ नये म्हणून २०१५ पासून इंग्लंडमधील नद्यांत सोडायचे तपकिरी ट्राउट वंध्य किंवा स्थानिक वाणाचे असावेत, असे धोरण आहे.

आटणारे पाणी

ज्या खडकाने या नद्या दिल्या, त्याच खडकातील पाणी आता शहरांना लागते. दक्षिण व पूर्व इंग्लंड हा त्या देशाचा तुलनेने कमी पावसाचा आणि दाट लोकवस्तीचा भाग आहे. इंग्लंडमध्ये माणशी दररोज सुमारे १४० लिटर पाणी वापरले जाते. दक्षिण-पूर्वेत त्यातील मोठा वाटा खडूच्या जलधरातून उपसला जातो. भूजलाची पातळी खाली गेली की सर्वांत वरचे झरे आधी बंद होतात. लंडनच्या वायव्येस असलेल्या चिल्टर्न टेकड्यांतील चेस, मिसबोर्न, व्हर अशा नद्यांचे वरचे भाग २०१९ मध्ये कोरडे पडले होते. काही वरचे प्रवाह निसर्गतःच केवळ हिवाळ्यात व वसंतात वाहतात. त्यांना 'विंटरबोर्न' म्हणतात. जे प्रवाह पूर्वी बारमाही होते, तेही आता असेच वागू लागले, ही चिंतेची बाब आहे.

दुसरे संकट प्रदूषणाचे आहे. शेतातील नत्रयुक्त खतांचे अंश खडकात झिरपतात आणि खडक जसा पाण्याला, तसाच त्यांनाही सावकाश सोडतो. आज झऱ्यातून येणारा नायट्रेट काही ठिकाणी दशकांपूर्वी शेतात टाकलेल्या खताचा असू शकतो. म्हणजे आज खत थांबवले, तरी नदीला त्याचा लाभ व्हायला एक पिढी जावी लागेल. सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतून फॉस्फरस येतो आणि शैवाल माजवतो. ओल्या हिवाळ्यात भूजल वर आले की ते जुन्या गटारनलिकांत शिरते. नलिका भरून वाहतात आणि अर्धवट पातळ झालेले मैलापाणी आठवडेच्या आठवडे नदीत जाते. यात भर पडली ती अमेरिकेतून १९७० च्या दशकात आणलेल्या 'सिग्नल क्रेफिश'ची. हा परका जीव काठ पोखरतो आणि त्याच्याबरोबर आलेल्या रोगाने स्थानिक क्रेफिशचा बहुतेक ठिकाणी नायनाट केला आहे.

इंग्लंडमधील तीन चतुर्थांशांहून अधिक चॉक स्ट्रीम पर्यावरणीयदृष्ट्या चांगल्या स्थितीच्या निकषावर उतरत नाहीत, असा निष्कर्ष जागतिक वन्यजीव निधीच्या २०१४ मधील अहवालाने काढला होता. टेस्ट आणि इचेनवरील उपशाबाबत २०१८ मध्ये सार्वजनिक चौकशी झाली आणि त्यानंतर दुष्काळातील उपशावर अधिक कठोर मर्यादा आल्या. २०२१ मध्ये या सर्व नद्यांच्या पुनरुज्जीवनाचे राष्ट्रीय धोरण प्रसिद्ध झाले. चॉक स्ट्रीमना स्वतंत्र संरक्षण दर्जा द्यावा, ही त्यातील प्रमुख शिफारस होती.

गळवाल्यांची नोंदवही

नदीचे दुखणे सर्वांत आधी कोणाला कळते? या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा 'गळ टाकणाऱ्याला' असेच द्यावे लागते. दरवर्षी ठरावीक आठवड्यात येणारी माशी आली नाही, ही बाब सरकारी निरीक्षकाच्या नजरेतून सुटू शकते. त्या माशीची वाट पाहत काठावर बसलेल्या माणसाच्या नजरेतून ती सुटत नाही.

या नजरेला पद्धतशीर रूप देण्याचा प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. २००४ मध्ये 'रिव्हरफ्लाय पार्टनरशिप' स्थापन झाली आणि काही वर्षांतच गळ टाकणाऱ्या स्वयंसेवकांचा निरीक्षण उपक्रम सुरू झाला. पद्धत सोपी आहे. नदीत उभे राहून तीन मिनिटे तळ पायाने ढवळायचा आणि सुटलेले कीटक जाळीत धरायचे. त्यानंतर एक मिनिट दगड हातांनी तपासायचे. मग ट्रेमध्ये पाणी घेऊन ठरावीक आठ गटांतील जीव मोजायचे आणि गुण द्यायचे. गुण ठरलेल्या पातळीखाली गेले की पर्यावरण यंत्रणेला कळवायचे. रासायनिक चाचणी त्या क्षणाचे पाणी दाखवते. कीटकांची संख्या मात्र गेल्या अनेक आठवड्यांत नदीवर काय गुजरले, ते सांगते. रात्री गुपचूप सोडलेले विषारी पाणी सकाळपर्यंत वाहून जाते, पण मेलेले कीटक परत येत नाहीत.

काश्मीरचे झरे

या कथेचा एक धागा भारतातही पोहोचतो. तपकिरी ट्राउट हा मूळचा भारतीय मासा नाही. १८९९ मध्ये ब्रिटनहून काश्मीरला पाठवलेली अंडी वाटेतच नष्ट झाली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप मात्र जगली आणि त्यातून खोऱ्यात ट्राउटची पैदास सुरू झाली. कोकरनाग, वेरीनाग, अच्छाबल येथील चुनखडीच्या डोंगरांतून निघणारे थंड, नितळ झरे या माशाला मानवले, यात नवल नाही. कोकरनागचे ट्राउट केंद्र आज देशातील प्रमुख केंद्रांपैकी एक आहे. लिद्दर, ब्रिंगी यांसारख्या प्रवाहांवर मत्स्यविभाग बीट पाडून दिवसाचे परवाने देतो. हिमाचल प्रदेशातील तीर्थन खोऱ्यातही ट्राउटचे शौकीन जातात.

पाहुणा मासा नेहमीच निरुपद्रवी असतो असे नाही. युरोपात अभिमानाने जपला जाणारा तपकिरी ट्राउट हा जगातील सर्वाधिक उपद्रवी १०० परकीय जातींच्या यादीत आहे. जिथे तो सोडला गेला, तिथे अनेकदा स्थानिक माशांना त्याची झळ पोहोचली. काश्मीरमध्ये त्याचे कौतुक करताना तेथील मूळच्या 'शायझोथोरॅक्स' कुळातील माशांचा विसर पडू नये.

झऱ्यांचे संकटही सारखेच आहे. कोरड्या हिवाळ्यानंतर २०२५ च्या फेब्रुवारीत मुघल बागेसाठी प्रसिद्ध असलेला अच्छाबलचा झरा आटला आणि त्यावर अवलंबून असलेली गावे व मत्स्यकेंद्र अडचणीत आले. हॅम्पशायरच्या खडूला आणि काश्मीरच्या चुनखडीला एकच नियम लागू आहे. डोंगरात जेवढे मुरेल, तेवढेच झऱ्यातून येईल.

पिसांच्या माशीने मासा पकडणे हा छंद आहे आणि त्यावाचून कोणाचे काही अडत नाही. झऱ्याच्या पाण्यावर मात्र गावे, शेते आणि शहरे जगतात. हे पाणी बिघडत असल्याची पहिली खबर या छंदवेड्यांच्या वह्यांत सापडते, म्हणून त्यांच्या नोंदींना मोल आहे. एखाद्या वर्षी मेफ्लाय आली नाही, तर त्याच वर्षी शोध घेतलेला बरा. दहा वर्षांनी मासा दिसेनासा झाल्यावर तपासायला फारसे काही उरलेले नसते.